संध्याकाळची कुरकुर: एक वर्ष, १३,४०० किलोमीटर

२७ मे

साडेसात महिने, ७,९०० किलोमीटर. काल सर्व्हिस सेंटरमधून गाडी आणली आणि आज लिहायला बसले. एका आवाजासाठी गाडी दोन दिवस ठेवून घेतली होती. परत आली तेव्हा तो आवाज होताच, वर आणखी एक आला.

गाडी गेल्या दसऱ्याला घेतली. टर्बो पेट्रोल, टॉपच्या एक खालचं मॉडेल, सनरूफ मुद्दाम नको म्हटलं. बाकीचे आकडे इथं देत नाही. एसीबद्दल मात्र सांगायलाच हवं. नागपूरजवळच्या बुटीबोरीला, ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर तापलेली गाडी चार-पाच मिनिटांत बसण्याजोगी होते, तेही मेच्या कडक उन्हात. त्याला पूर्ण मार्क.

आता आवाज. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला. डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या वरच्या काठाशी, काचेला लागून. वेताची जुनी खुर्ची बसताना करते तशी चिर्र, चिर्र. वेग ३० ते ५० असला आणि सिमेंट रोडचे सांधे लागले की येणारच. सकाळी आठला जाताना नसतो, संध्याकाळी साडेपाचला परतताना हमखास. रोजचे जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, त्यातले परतीचे पंचवीस त्या आवाजासोबत. मी गाणी लावणं सोडलं, कारण गाण्यातही कान तिकडंच राहायचा. नऊ वर्षांच्या बचतीतून घेतलेली पहिली नवी गाडी आहे, म्हणून जीव जास्त तुटतो.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा दाखवली. सकाळी नऊला गाडी घेतली, साडेनऊला एक चक्कर मारली आणि जॉब कार्डवर (तक्रार आणि काम लिहायचा त्यांचा कागद) लिहिलं, ‘आवाज आढळला नाही’. मी म्हटलं, चार वाजेपर्यंत उन्हात ठेवा, मग चालवून पाहा. तर म्हणे, “मॅडम, प्लास्टिक आहे. उन्हाळ्यात थोडाफार आवाज सगळ्यांच्याच गाडीत येते.”

येत असेल. पण का येतो हे त्यांना सांगता आलं नाही, म्हणून मी शोधून वाचलं. एक मीटर पोलाद दहा अंशांनी तापलं तर साधारण ०.१२ मिलिमीटर वाढतं. तेवढंच साधं पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक सुमारे एक मिलिमीटर वाढतं. गाडीच्या प्लास्टिकमध्ये भुकटी मिसळतात, त्यामुळे थोडं कमी, पण पोलादापेक्षा कितीतरी जास्तच. आपल्याकडे सकाळच्या आणि दुपारच्या डॅशबोर्डच्या तापमानात किती फरक पडतो ते हात ठेवून पाहा. सकाळी ज्या दोन भागांमध्ये फट होती, दुपारी ते एकमेकांना टेकतात. मग ते चिकटतात, ताण साठतो, सुटतात, पुन्हा चिकटतात. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की कुरकुर ऐकू येते.

खडखड वेगळी. तिथं सैल वस्तू दुसऱ्या वस्तूवर आपटते. खडखडीला घट्ट करणं हा उपाय, कुरकुरीला मात्र मधे काहीतरी मऊ ठेवणं किंवा जागा करून देणं. कुरकुरणारी जागा आणखी आवळली तर आवाज वाढूही शकतो. आणि या लोकांनी परवा नेमकं तेच केलं. आधी ६,८०० रुपयांचं ‘साउंड डॅम्पिंग’ सुचवलं. ती चिकट ब्युटाइल शीट दाराच्या पत्र्याला लावतात, त्यानं पत्र्याची थरथर आणि रस्त्याचा घूं आवाज कमी होतो. डॅशबोर्डच्या काठाशी तिचा काय संबंध? मी नाही म्हटलं, वॉरंटी आहे, वॉरंटीतच करा. मग त्यांनी डाव्या ए-पिलरचं (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) कव्हर आणि डॅशबोर्डची बाजू काढली, सगळं आवळून बसवलं. आता चिर्र आहेच, शिवाय पिलरच्या कव्हरमध्ये टक-टक आहे. एखादा क्लिप तुटला असणार.

पाचपैकी दोन. त्यातला एक एसीचा.

१९ जून

वरचं लिहिलं तेव्हा मला वाटत होतं की कंपनीनं प्लास्टिकमध्ये पैसे वाचवले आहेत. आता तसं वाटत नाही.

१० तारखेला मृगाचा चांगला पाऊस झाला आणि चिर्र पूर्ण बंद. चार दिवस मी खूश. मग उघाड पडली, दोन दिवस कडक ऊन, आवाज परत हजर. मी हवामान गार झालं म्हणून थांबला असेल एवढंच धरून बसले होते. बाबांनी (माझे सासरे, अजनीच्या लोको शेडमधून निवृत्त झालेत) वेगळंच विचारलं. “बेटा, पावसाचं पाणी डॅशबोर्डवर पडते का?”

नाही पडत. मग पाण्यानं काय गप्प केलं?

परवा संध्याकाळी मी घरी आले तेव्हा गाडी तापलेलीच होती. बाबांनी वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकच्या जाळीवर, जिथं ती काचेला टेकते तिथं, दोन मग पाणी ओतलं आणि शेजारी बसले. त्रिमूर्तीनगर ते खामला आणि परत. एकदाही आवाज नाही. काल पाणी न ओतता तोच रस्ता, तीच वेळ, चिर्र चालू.

आवाज बाहेरचा होता. ती जाळी काचेच्या खालच्या काठावर घासत होती आणि काच तो आवाज आत आणून डॅशबोर्डच्या काठाशी सोडत होती. तीन महिने आम्ही सगळे चुकीच्या बाजूनं शोधत होतो. बाबा म्हणाले, इंजिनातही असंच होतं, ऐकू येतं एकीकडे आणि असतं दुसरीकडे, म्हणून ते स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावायचे. गाडी उभी असताना एकानं जाळी दाबत राहायची आणि दुसऱ्यानं आत मूठ कानाला लावायची, ही रीत आम्ही आज करून पाहिली. चोख कळतं. चालत्या गाडीत हा प्रयोग कुणी करू नका.

दुरुस्ती अशी. वायपरच्या दांड्यांची जागा काचेवर कागदी टेपनं खूण करून ठेवली, नाहीतर परत बसवताना कोन चुकतो. नट सोडून दांड्या काढल्या, जाळी उचलली. खालच्या काठात सहा महिन्यांची धूळ आणि कडुनिंबाची वाळकी पानं अडकलेली, त्यानं जाळी एका बाजूनं उचलली गेली होती. सगळं धुऊन, पुसून, वाळवून काठाला कापडी फेल्ट टेप लावली. १४० रुपयांचा रोल, त्यातला मीटरभर लागला. रबराच्या पट्टीला सिलिकॉन ग्रीस कापडानं पुसल्यासारखं, अगदी पातळ. काचेवर जाऊ देऊ नका, वायपर ते पसरवतो आणि रात्री समोरचं दिसत नाही. गंज सोडवायचा स्प्रे रबरावर मारू नका. त्यातल्या पेट्रोलियम तेलानं दारा-खिडक्यांचं रबर फुगतं.

आणि ए-पिलरचं कव्हर घरी ओढून काढू नका. कर्टन एअरबॅग (धडकेत बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाडीत तिचं पुढचं टोक त्याच्याच मागं असतं. ते काम सेंटरवाल्यांचंच.

२९ ऑक्टोबर

पावसाळाभर आवाज नव्हता, पण ओल्या रस्त्यावरच्या शांततेवर माझा विश्वास नव्हता. खरी परीक्षा ऑक्टोबर हीटची. ती झाली. महिनाभर दुपारी उन्हात ठेवून, संध्याकाळी वर्धा रोडनं, डबल डेकर पुलाच्या सांध्यांवरून आणि मग कॉलनीतल्या गट्टूंवरून (सिमेंटच्या ठोकळ्यांचा रस्ता) घरी. चिर्र नाही. दिवाळीच्या सुट्टीत समृद्धीनं शिर्डीलाही जाऊन आलो, १२० वर फक्त वाऱ्याचा आवाज होता. पण गुळगुळीत रस्त्यावर आवाज आला नाही याला मी महत्त्व देत नाही. गट्टू खरे.

तुटलेल्या क्लिपसाठी जुलैत तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा पैसे मागितले. मेच्या बिलावर ‘ए-पिलर ट्रिम काढून बसवली’ हे त्यांच्याच हातानं लिहिलेलं होतं, ते पुढं ठेवलं तेव्हा फुकट बदलून दिला. तो कागद नसता तर मी पैसे भरून आले असते. म्हणून सांगते, तक्रार त्यांच्या शब्दांत लिहू देऊ नका. किती वाजता, किती वेग, कसा रस्ता, किती वेळ गाडी उन्हात होती, कुठल्या बाजूनं, हे स्वतः सांगून जॉब कार्डवर लिहून घ्या आणि तिथंच फोटो काढा. शक्य असेल तर ज्या वेळी आवाज येतो त्याच वेळी गाडी न्या, आणि टेक्निशियनला शेजारी बसवून तुम्हीच चालवा.

बाकी छोट्या खडखडी वर्षभरात आल्या आणि गेल्या. मागच्या सीटवर कुणी नसेल तर बेल्टचं बक्कल पिलरवर आपटतं, बेल्ट अडकवून ठेवते. जॅक डिक्कीत सैल होता, जुनं टॉवेल गुंडाळलं. मागचा दरवाजा खड्ड्यात धप् करायचा, त्याच्या दोन्ही रबरी गुटक्या अर्धा-अर्धा आटा बाहेर काढल्या. नंबर प्लेटच्या फ्रेमखाली उरलेली फेल्ट टेप लावली.

टायरची हवा मात्र नीट पाहा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माझ्या गाडीला ३३ आहे. पंपावरच्या मुलानं न विचारता ४० भरली होती, आणि मी आठवडाभर नव्या आवाजामागं लागले. टायर टणक झाला की प्रत्येक सांध्याचा धक्का आत येतो आणि जे शांत होतं तेही वाजतं. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा.

गाडीला आता पाचपैकी साडेचार. सर्व्हिस सेंटरला दीडच, आणि तोही जुलैत क्लिप बसवणाऱ्या मुलासाठी. त्यानं ए-पिलर उघडताना मला बोलावून एअरबॅग दाखवली आणि हळूच, एकेक क्लिप मोजत कव्हर बसवलं.

फेल्ट टेपचा रोल अजून चारेक मीटर उरला आहे. त्रिमूर्तीनगरच्या आसपास कुणाला हवी असेल तर मागून घ्या. बाबाही आवाज ऐकून द्यायला तयार आहेत, फक्त गाडी दुपारभर उन्हात तापवून आणा.