सुई, तुंबडी, मालिश की ताय ची? दुखण्यावरचा चिनी उपचार निवडताना

कंबर किंवा गुडघा महिनोन्‌महिने दुखतोय, एक्स-रे काढून झाले, गोळ्यांनी पोट बिघडलं, आणि आता कुणीतरी म्हणालंय, "एकदा अ‍ॅक्युपंक्चर करून बघ." अशा वळणावर उभ्या असलेल्या माणसासाठी हे लिहितेय. माझ्या आईच्या गुडघ्यांपायी मी या विषयात शिरले. तेव्हा प्रत्येक जण आपापल्या उपचाराचं कौतुक सांगत होता, पण दोन उपचार शेजारी ठेवून बोलणारं कुणी भेटत नव्हतं.

आधी थोडी निवडानिवड करू. आपल्याकडे 'चिनी' म्हणून विकलं जाणारं सगळंच चिनी नसतं. तळपायावर मूत्रपिंड, यकृत, डोळे दाखवणारे रंगीत तक्ते आज ज्या रूपात दिसतात, त्यांची घडण अमेरिकेत १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम यांच्या हातून झाली. सुजोक, म्हणजे हातापायांवरचे बिंदू दाबायची पद्धत, कोरियाची. चिनी काढे आणि गोळ्या मी मुद्दामच बाजूला ठेवल्या आहेत. त्यांतल्या काही वनस्पतींमध्ये अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं, त्याने मूत्रपिंडं कायमची निकामी झाल्याची नोंद आहे. पुडीत नेमकं काय आहे ते घरबसल्या कळत नाही. उरतात ते सुया म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर, धग, तुंबड्या, खरवड, मालिश आणि ताय ची हा संथ हालचालींचा व्यायाम.

सुई की ताय ची?

खरी तुलना या दोघांची आहे, कारण दोन्हींची कसून तपासणी झालेली आहे.

अ‍ॅक्युपंक्चरशी आपलं नातं वाटतं त्याहून जुनं आहे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक युद्धग्रस्त चीनला गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजय कुमार बसूही होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. बसू पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे ही विद्या शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली.

सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक असते, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, आणि भरीव. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, मग आत जडपणा किंवा झिणझिण्या येतात. चिनी वैद्य त्याला 'द ची' म्हणतात आणि ती खूण मिळेपर्यंत सुई हलकेच फिरवतात. मग वीस ते तीस मिनिटं नुसतं पडून राहायचं. काही ठिकाणी सुयांना सौम्य वीज जोडतात. बीजिंगचे संशोधक हान जीशंग यांनी दाखवलं की विजेची कंपनसंख्या बदलली की मेंदू आणि मज्जारज्जूत वेगवेगळी वेदनाशामक द्रव्यं स्रवतात. म्हणजे 'ची' नावाच्या ऊर्जेवर विश्वास नसला तरी शरीरात काहीतरी घडतं, हे मान्य करायला हरकत नाही.

आता किती गुण येतो ते. जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्के लोकांना ठळक फरक पडला होता. खोट्या अ‍ॅक्युपंक्चरने, म्हणजे ठरलेले बिंदू सोडून भलतीकडे वरवर टोचलेल्या सुयांनी, ४४.२ टक्क्यांना. औषधं, फिजिओथेरपी आणि व्यायाम या नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना.

हे आकडे मी कितीतरी वेळा वाचले. नेमका बिंदू गाठण्याचं माहात्म्य परंपरेत सांगतात तेवढं नाही, हे त्यांतून दिसतं. पण वर्षानुवर्षं कंबर धरून बसलेल्या जवळपास निम्म्या लोकांना आराम पडला, हेही तितकंच खरं. म्हणूनच देशोदेशीचे सल्ले जुळत नाहीत. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत सल्ला देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं, तर अमेरिकेची मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना २०२० पासून त्याचे पैसे देते. खोट्या सुईहून खरी सरस आहे का, हा एक प्रश्न. रुग्ण आजच्यापेक्षा बरा होईल का, हा दुसरा. ज्याचं दुखतंय त्याच्यासाठी दुसरा मोठा, असं माझं मत. अर्धशिशीत तर पुरावा आणखी बरा आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात झटके रोखण्याच्या कामी सुया रोजच्या प्रतिबंधक गोळ्यांच्या तोडीस तोड ठरल्या.

ताय ची याच्या अगदी उलट. इथे कुणी तुमच्यावर काही करत नाही, तुम्हीच सगळं करायचं. गुडघे किंचित वाकवून, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर संथपणे न्यायचा, श्वास त्या लयीत सोडायचा. चीनमधल्या बागांमध्ये सकाळी म्हातारी माणसं करताना दिसतात तो २४ हालचालींचा सोपा संच १९५६ मध्ये तिथल्या सरकारी क्रीडा आयोगाने बसवला.

बोस्टनमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एकाला बारा आठवडे ताय ची, दुसऱ्याला नेहमीची फिजिओथेरपी. दुखणं दोघांचं सारखंच कमी झालं, पण ताय चीवाल्यांचं मनही जास्त हलकं झालं होतं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी ताय चीची जोरदार शिफारस केली. अ‍ॅक्युपंक्चरची केली ती हातचं राखून.

म्हणून गुडघे दुखत असतील आणि आधाराशिवाय उभं राहता येत असेल, तर मी आधी ताय चीच निवडेन. एकदा अंगवळणी पडली की पैसे लागत नाहीत, आणि तोल सुधारला की पडायची भीतीही कमी होते. मात्र शिकवणारा नीट हवा, गुडघा पिळवटणारा नको. शिवाय आठवडाभरात फरक शोधणाऱ्याची इथे निराशा होईल. अर्धशिशी, मानेचं जुनं दुखणं, हालचालच होत नाही इतकी कंबर धरलेली असेल तर सुई आधी, आणि जरा मोकळं वाटू लागलं की ताय ची.

सुयांना मुदत मात्र घालायचीच. मेडिकेअरचा नियम मला पटला: ९० दिवसांत बारा बैठका, फरक दिसला तरच आणखी आठ, नाहीतर बंद. फी गावोगाव वेगळी असते, म्हणून एका बैठकीची न विचारता बारांचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडा.

मालिश

चिनी मालिशीचं नाव त्वेना, म्हणजे 'ढकलणं आणि पकडणं'. आपल्या तेलमालिशीशी याची गल्लत करू नका. हे बहुधा कपड्यांवरून किंवा चादर टाकून, तेलाशिवाय करतात. हाताची मागची बाजू लाटण्यासारखी फिरवत स्नायू सैल करायची पद्धत विशेष प्रसिद्ध आहे. दिवसभर संगणकासमोर बसून आखडलेल्या खांद्यांना हे सुईपेक्षा जास्त सुखावतं, आणि सुईची धास्ती असणाऱ्यांना इथून सुरुवात करता येते. पुरावा सुईइतका भक्कम नाही. हाडं ठिसूळ झालेल्यांनी यात पडू नये. आणि मानेला झटका देऊन 'कट्' असा आवाज काढणाऱ्याला तिथेच थांबवा, त्याने क्वचित मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होते.

तुंबडी, खरवड आणि धग

तुंबडी आपल्याला नवी नाही. भोपळ्याची, शिंगाची तुंबडी आपल्याकडेही लावत असत. चिनी पद्धतीत काचेच्या पेल्यात क्षणभर ज्योत फिरवून तो पाठीवर चिकटवतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर दिसलेले गोल डाग याचेच. खरवड म्हणजे ग्वा शा. त्यात तेल लावून शिंगाच्या किंवा दगडाच्या पट्टीने त्वचा लाल ठिपके येईपर्यंत खरडतात.

दोन्हींत कातडीखालच्या केशवाहिन्या फुटतात. डाग जितका गडद तितकं 'विष' जास्त निघालं, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तो ओढीचा आणि फुटलेल्या केशवाहिन्यांचा रंग आहे. आखडलेली पाठ दोन-चार दिवस हलकी वाटते, तेवढ्यापुरतं ठीक. दोन्हींत निवडायचं तर मी कोरडी तुंबडी निवडेन. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही टाळा. चिरा देऊन रक्त काढणारी तुंबडी कुणीच लावून घेऊ नये. कावीळ पसरवणारे विषाणू असेच शिरतात.

धगीत म्हणजे मॉक्सात, वाळवलेल्या वनस्पतीची कांडी पेटवून त्वचेजवळ धरतात. जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्याच कुळातली ही वनस्पती. ऊब छान वाटते, पण धूर आणि भाजण्याचा धोका आहेच. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, चटका बसलेला कळतच नाही.

पहिल्या भेटीत

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि राज्याची परिषद आहे. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. सुयांचं पाकीट निर्जंतुक, एकदाच वापरायचं आणि तुमच्यासमोर फोडलेलं हवं. छातीवर किंवा खांद्याच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. घरी आल्यावर दम लागला तर थेट रुग्णालय गाठा. गरोदर असाल किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा.

आणि पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, ताप किंवा विनाकारण वजन घटत असेल, तर यांतलं काहीही नको. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आईने शेवटी ताय ची निवडली. तिसऱ्या आठवड्यात ती सोडायला निघाली होती, मग मी तिच्याबरोबर उभी राहू लागले. आता जिना उतरताना ती कठड्याला एकाच हाताने धरते.