पहिली कुपी वाळ्याची: कनौजच्या चार अत्तरांची पारख

मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहणाऱ्याने आयुष्यातलं पहिलं अत्तर घ्यायचं असेल तर वाळ्याचं घ्यावं. गुलाब, मोगरा, हिना सगळी नंतर. उन्हाळ्यात माठात टाकलेल्या वाळ्याच्या जुडीचा वास ज्याला आवडतो, त्याला हे अत्तर हमखास मानवतं. वाळ्याच्या मुळातलं तेल जड असतं, सावकाश उडतं. त्यामुळे घामातही ते टिकतं आणि गोडसर अत्तरांसारखं उकाड्यात डोक्यात जात नाही.

दुकानात मात्र 'खस' (म्हणजे वाळा) एवढंच म्हणून थांबू नये, 'रूह खस' मागावं. रूह म्हणजे फक्त मुळांतून ऊर्ध्वपातनाने काढलेलं तेल, त्यात दुसरं काही नाही. अत्तर म्हणजे तोच सुगंध चंदनाच्या तेलात उतरवलेला. तांब्याच्या भांड्यात काढलेली रूह हिरवट दिसते, ती झाक तांब्याची असते. वास गोड नसतो. ओली माती, लाकूड, किंचित धूर असा असतो. खस सरबताचा वास डोक्यात ठेवून गेलेला माणूस पहिल्यांदा निराश होतो. उलट, कुपी उघडताच सरबताचाच वास आला तर ती रूह नव्हे.

मिट्टी अत्तर, म्हणजे मातीच्या वासाचं अत्तर, हे उत्तर प्रदेशातल्या कनौजचं सगळ्यात वेगळं काम. भाजलेली माती तांब्याच्या 'देग'मध्ये पाण्यासह तापवतात. झाकण माती आणि कापसाच्या लगद्याने बंद करतात. वाफ 'चोंगा' नावाच्या बांबूच्या नळीतून 'भपका' नावाच्या भांड्यात उतरते. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं आणि तो पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो. पाणी तापलं की बदलायचं, आच वाढली की देगेवर ओलं फडकं फिरवायचं. हे सारं कारागीर हाताच्या अंदाजाने करतो. पहिल्या पावसाच्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव 1964 साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी दिलं, पण कनौजचे कारागीर तो वास त्याच्या कितीतरी आधीपासून कुपीत भरत होते. वापरायला मात्र हे अत्तर नाजूक आहे. मातीचा वास काही तासांत विरतो आणि मागे चंदन उरतं. दिवसभर तोच वास हवा असणाऱ्याने हे घेऊ नये. संध्याकाळी घरी बसताना लावायला याच्यासारखं दुसरं नाही.

मोगऱ्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण सर्वाधिक फसगत इथेच होते. देगेतून आलेला मोगरा गजऱ्यासारखा नसतो. फुलं पाण्यात उकळल्याने त्याला जडपणा येतो, थोडा शिजल्यासारखा वास येतो, आणि तो चंदनावर बसलेला असतो. एकाच चंदन तेलावर कित्येक दिवस रोज ताजी फुलं चढवावी लागतात. ज्या कुपीतून हुबेहूब गजरा दरवळतो, तिच्यात बहुधा कृत्रिम सुगंध असतो. तो वाईटच असतो असं नाही. फक्त पैसे त्याच हिशेबाने द्यावेत.

हा हिशेब सोपा आहे. 12 मिलीची कुपी म्हणजे साधारण एक तोळा. चंदनाच्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या वर आहे, म्हणजे त्या कुपीतलं नुसतं चंदन हजार रुपयांपुढे जातं. दोनशे रुपयांत 'असली चंदनावरचं' अत्तर म्हणून कोणी तोळा देत असेल, तर आधाराला पॅराफिन किंवा कारखान्यातलं दुसरं द्रावक आहे असं समजावं. कागदावर थेंब टाकून तेलकट डाग पाहण्याची कसोटी लोक करतात, पण तिच्यावर विसंबू नये. चंदनही इतकं सावकाश उडतं की डाग पडतोच. त्यापेक्षा वास दर दोन तासांनी पाहावा. खरं अत्तर बदलत जातं. सकाळी जसं तसंच रात्रीही असेल, तर शंका घ्यावी.

हिना थंडीच्या दिवसांत लावायची. अत्तरवाले अत्तरांचे थंड आणि गरम असे दोन वर्ग करतात: वाळा, मिट्टी, गुलाब, मोगरा, केवडा थंड, हिना, मसाल्यांचा शमामा, केशर गरम. हिना ऐकून मेंदीचा वास अपेक्षू नये, मेंदीच्या फुलांचं ते 'गुलहिना'. हिनात नागरमोथा, कपूरकाचरी, जटामांसी, दगडफूल अशी बरीच द्रव्यं असतात. उटणं आणि गोडा मसाला ज्याच्या घरात आहे त्याला हा वास ओळखीचाच वाटतो, म्हणून दिवाळीच्या पहाटे तो इतका जुळतो. मे महिन्यात लोकलच्या डब्यात मात्र शेजाऱ्याचा जीव गुदमरतो.

निवड करताना एका फेरीत तीनच अत्तरं पाहावीत, चौथ्यापासून नाक थकतं. कॉफीच्या बिया हुंगण्यापेक्षा स्वतःच्या कोपराची घडी, जिथे काही लावलेलं नाही, ती हुंगावी. बुचाचा वास कुपीतला, आपल्याला हवा तो कातडीवरचा. एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरं, तिसरं कोपराच्या आत. बुचाचा एक स्पर्श पुरे. मनगटं एकमेकांवर घासू नयेत, उष्णतेने हलका सुगंध लगेच उडतो. मग दुकानातून बाहेर पडून अर्ध्या तासाने आणि पुन्हा चार तासांनी वास घ्यावा. त्याच दिवशी तोळा घेऊ नये, 3 मिलीची कुपी घ्यावी. लावताच हाताला गारवा वाटून थेंब उडून गेला, तर त्यात अल्कोहोल मिसळलंय.

कातडी नाजूक असेल तर हाताच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस थांबावं. लाली किंवा खाज आली तर ते कातडीला लावू नये. एरवी फाया हा चांगला मार्ग: कापसाची लहान गोळी, त्यावर अर्धा थेंब, कानाच्या वरच्या घडीत. याने कपड्यांवर डागही पडत नाही. रूह खस आणि हिना पांढऱ्या सदऱ्यावर किंवा पैठणीवर थेट कधीच लावू नये, पिवळट-हिरवट डाग जात नाही. कुपी काचेची, बूच घट्ट, जागा अंधाऱ्या कपाटातली. प्लॅस्टिकच्या डबीत ओतून ठेवलं तर तेल प्लॅस्टिकला लागतं आणि वास बिघडतो.