पाचपैकी चार स्टार, त्यातले तीन नुसत्या वेळेचे

सांगली स्टँडबाहेर माझा चहाचा गाडा आहे. गाड्याच्या मागं फुटपाथवर आण्णा झोपतात. आधी हमाली करायचे, आता होत नाही. मागच्या महिन्यात त्यांच्या टाचेत पू झाला. खिळा घुसलेला, पण शुगरमुळं पाय बधिर, कळलंच नाही. त्यांना घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात सहा-सात वेळा गेलो, त्यावरून लिहितोय.

हा दवाखाना रात्री नऊपर्यंत उघडा असतो. त्याआधी आम्ही सकाळी एका मोठ्या रुग्णालयात जाऊन आलो होतो. खिडकीवर आधार, मोबाईल नंबर आणि पत्ता मागितला. आधार २०१९ च्या पुरात गेलं, मोबाईल कधी नव्हताच, आणि पत्ता काय सांगणार? तोवर ओपीडी बंद झाली. माझा सकाळचा धंदा बुडाला, आण्णांचं फुकटच्या जेवणाचं वाटप हुकलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, चांगलंच आहे. पण खिडकीच ओलांडता आली नाही तर काय!

इथं सिस्टरनी पत्त्याच्या जागी 'स्टँडसमोर, चहाचा गाडा' लिहिलं आणि नंबर माझा घेतला. बोटाला टोचून शुगर बघितली, ३४० निघाली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, ड्रेसिंग केलं. डॉक्टरबाई वयानं लहान, पण त्यांनी विचारलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. "आजोबा, दिवसातनं किती वेळा जेवता?"

"एकदा तर मिळतंयच की."

त्यांनी चिठ्ठीवरची एक गोळी खोडली. उपाशीपोटी घेतली तर साखर एकदम खाली येऊन चक्कर येते म्हणाल्या. मग विचारलं, गोळ्या ठेवणार कुठं? गाठोड्यात ठेवल्या तर भिजतात, नाहीतर गाठोडंच चोरीला जातं. आता त्या माझ्या खारीच्या बरणीशेजारच्या डब्यात असतात. सकाळी आधी पाव, मग गोळी. बिनसाखरेचा चहा देतो म्हणून रोज शिव्या खातो.

एक स्टार कापलाय तो रविवारच्या सुट्टीचा. शनिवारी रात्री पाऊस झाला की ड्रेसिंग चिंब, ते सोमवारपर्यंत तसंच. 'पाय कोरडा ठेवा' असं कागदावर लिहून देतात, पण फुटपाथवर कोरडं काय असतंय? सिस्टरनी निवारा केंद्राचं सुचवलं होतं. आण्णांना त्यांची कुत्री सोडवत नाही, त्यामुळं तो विषय तिथंच राहिला.

जखम भरत आलीय. परवा मात्र शुगर परत वाढलेली. सिस्टरनी माझ्याकडंच डोळे वटारले, "चहात साखर घालताय का?"

आण्णा खाली मान घालून म्हणाले, "ह्यो नाही देत. शेजारचा देतोय."