बाबांच्या गाडीचा नंबर राखताना: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

शंभर सीसीची ही जुनी गाडी ॲव्हरेज किती देते आणि पांदण रस्त्यावर कशी चालते, हे आमच्या भागात कोणाला सांगण्याची गरज नाही, कारण दर दुसऱ्या घरासमोर तीच उभी असते. हा अनुभव गाडीपेक्षा तिच्या नंबरचा आहे. बाबांच्या मृत्यूनंतर मार्च २०२५ मध्ये ही गाडी माझ्या नावावर झाली, नंबर तोच राहिला, आणि तेव्हापासून मी ती रोज वापरतो आहे. नंबर राखता येतो का, नव्या गाडीला लावता येतो का, की गाडी विकून मोकळे व्हावे, अशा विचारात जे कोणी असतील त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

बाबांनी ही गाडी २००९ च्या दिवाळीत सोयाबीनच्या पैशातून घेतली. पासिंग होऊन नंबर आला तेव्हा शेवटचे चार आकडे ०१४८ निघाले आणि पैनगंगेच्या काठच्या आमच्या शेताचा गट नंबरही १४८ आहे. हा नंबर त्यांनी मागून घेतलेला नव्हता. पसंतीच्या नंबरासाठी जास्तीचा एक रुपयाही त्यांनी दिला नसता. तरी त्या दिवसापासून ती गाडी आणि ते शेत त्यांच्या बोलण्यात एकच झाले. बाजाराच्या गावातल्या पेंटरकडून त्यांनी पाटी रंगवून घेतली होती आणि त्यातल्या आठाचा वरचा गोल खालच्यापेक्षा बराच बारीक होता. गर्दीत गाडी ओळखायला आम्हाला तेवढा आठ पुरत असे.

२०२४ च्या पोळ्याच्या दहा दिवस आधी बाबा गेले. माझा पहिला विचार असा होता की जुनी गाडी विकून टाकावी, नवी घ्यावी आणि हा नंबर नव्या गाडीवर चढवावा. आमच्या मिस्त्रीने मला एका वाक्यात थांबवले: "नंबर गाडीचा रायते भाऊ, मानसाचा नाही रायत." पुढच्या सहा महिन्यांत मी जे काही वाचले आणि विचारले, त्यातून त्याचेच म्हणणे खरे ठरले. नोंदणी क्रमांक त्या चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दिलेला असतो. मालक बदलला तरी तो बदलत नाही, आणि राज्यातल्या राज्यात जिल्हा बदलला तरीही बदलत नाही. वर्ध्याची ३२ पासिंगची गाडी चंद्रपूरला कायमची नेली तरी तिला ३४ घ्यावे लागत नाही, फक्त पत्ता बदलून घ्यावा लागतो. शेतीच्या भाषेत सांगायचे तर हे सातबाऱ्यासारखेच आहे. फेरफार होऊन नावे बदलतात, गट नंबर मात्र जमिनीलाच चिकटलेला राहतो. ही गोष्ट मला जरा उशिरा उमजली, नाहीतर नव्या गाडीच्या शोरूममध्ये दोन फेऱ्या वाया गेल्या नसत्या.

पसंतीच्या नंबरांची गोष्ट वेगळी आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राज्य शासनाने त्यांचे शुल्क वाढवले, दुचाकीसाठी ०००१ चे शुल्क ५० हजारांवरून एक लाख झाले, आणि असे पैसे भरून घेतलेले नंबर पती, पत्नी, मुलगा, मुलगी यांच्या नावे करण्याची मुभाही त्याच वेळी आली. आमचा नंबर साध्या क्रमाने आलेला असल्यामुळे त्याचा मला उपयोग नव्हता. नव्या मालिकेत ०१४८ मागून घेता आला असता, पण त्यापुढची अक्षरे वेगळी असती. तो बाबांचा नंबर झाला नसता.

नदीपलीकडून आदिलाबादच्या बाजूचा एक गिऱ्हाईक १४ हजार देऊन गाडी न्यायला तयार होता. गाडी परराज्यात कायमची जाणार असेल तर आपल्या परिवहन कार्यालयाचे (आरटीओचे) ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते, आणि तिथे १२ महिन्यांहून अधिक काळ राहिली तर तिला त्या राज्याचा नवा नंबर घ्यावा लागतो. तेलंगणात २०२४ पासून नव्या गाड्यांच्या नंबरला सुरुवातीची अक्षरे टीजी मिळतात. म्हणजे वर्षभरात ०१४८ कायमचा पुसला गेला असता. मी गाडी ठेवायची ठरवली.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात लिहितो. जिवंत मालकाकडून विकत घेताना जे टीटी (मालकी हस्तांतराचे) फॉर्म, म्हणजे २९ आणि ३०, भरतात ते इथे चालत नाहीत. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाला फॉर्म ३१ भरावा लागतो आणि त्याची मुदत तीन महिने आहे. त्याच्या आधी, मृत्यूनंतर ३० दिवसांच्या आत, गाडी आपण वापरणार असल्याचे कार्यालयाला कळवायचे असते. मृत्यूचा दाखला, आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र), चालू विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला), वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची संमती लागते. आईची आणि बहिणीची संमती तालुक्याला नोटरीपुढे झाली. एसटीत दोघींनाही अर्धे तिकीट असल्यामुळे तो खर्च हलका झाला. विम्याकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मालकाच्या मृत्यूनंतर जुनी पॉलिसी जास्तीत जास्त तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातले जे आधी येईल तोवरच चालते. त्यानंतर वारसाने ती आपल्या नावावर करून घेतली नसेल तर गाडी रस्त्यावर काढू नये.

आता ज्या एका गोष्टीने माझे साडेचार महिने खाल्ले तिच्याकडे येतो, आणि तिच्याविषयी सविस्तर लिहिल्याबद्दल मला कोणी दोष देऊ नये. ती गोष्ट म्हणजे आरसीला जोडलेला मोबाईल नंबर. ऑनलाइन अर्ज भरायला बसलो तेव्हा ओटीपी बाबांच्या मोबाईलवर गेला. बाबा शेवटचे सात-आठ महिने अंथरुणावर होते, फोन बंद पडून होता, आणि आम्ही त्याचे रिचार्ज करणे थांबवले होते. तीन महिने सिम वापरात नसले की ते बंद होते आणि पुढे तो नंबर दुसऱ्या कोणाला दिला जातो, हे मला ठाऊक होते. आपल्या घरी त्याचा असा फटका बसेल हे मात्र मनात आले नव्हते. मी त्या नंबरवर फोन लावला. पलीकडे मराठवाड्यातल्या कुठल्याशा गावच्या एक ताई बोलल्या. मी सगळी हकीकत सांगितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुमचं खरं असेल, पण मी ओटीपी कोणालाच सांगत नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवशी मला फार राग आला होता. ज्या माणसाच्या मृत्यूचा दाखला मी अपलोड करतो आहे, त्याच माणसाच्या मोबाईलवर त्याची परवानगी मागितली जाते, ही रचना कोणी आणि कसा विचार करून केली असेल हे मला कळेना. ग्रामपंचायतीने मृत्यूची नोंद केलेली आहे, तलाठ्याने त्याच दाखल्यावर फेरफार धरला, १५ दिवसांची नोटीस काढली, कोणाची हरकत नाही म्हणून जमिनीवर वारसांची नावे लागली. पाच एकर शेत नावावर झाले आणि १५ वर्षांची दुचाकी अडून बसली.

मोबाईल बदलण्याची सोय संकेतस्थळावर आहे, पण तिथे गाडीचा नंबर, नोंदणीची तारीख, नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ती तारीख, आणि चेसिस व इंजिनचे पूर्ण क्रमांक अचूक भरावे लागतात. आमच्या आरसीवरचा चेसिस क्रमांक अर्धा पुसलेला होता. तो गाडीवरून वाचायचा तर हँडलखालच्या नळीवर १५ वर्षांचे ग्रीस, कापसाचा भुसा आणि गंज बसलेला. मी आणि माझ्या मुलाने एका सकाळी जुन्या टूथब्रशने रॉकेल लावून तो भाग घासला, फडक्याने कोरडा केला, त्यावर पातळ कागद सेलोटेपने चिकटवला आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवली. एकेक अक्षर पांढरे होऊन वर येत गेले. मुलगा मोठ्याने वाचत होता आणि मी वहीत लिहीत होतो. सतरा खुणा झाल्या.

तरी संकेतस्थळ 'माहिती जुळत नाही' हेच सांगत राहिले. तीन दिवसांनी चूक सापडली. दोन ठिकाणी गोल दिसले होते ते मुलाने इंग्रजी ओ म्हणून वाचले होते. चेसिस क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे वापरतच नाहीत, ती शून्य आणि एक यांच्याशी मिसळतात म्हणून. गोल दिसला की तो शून्यच. ही एवढी गोष्ट त्या रकान्याखाली एका ओळीत लिहिली असती तर कितीतरी लोकांचे हेलपाटे वाचले असते. शून्य भरून माहिती जुळली, पण पुढच्या पायरीवर आधारवरचे नाव मालकाच्या नावाशी जुळवले गेले आणि तिथे अर्ज पुन्हा अडकला, कारण मालक बाबा होते आणि आधार माझे होते.

शेवटी काम कार्यालयातच झाले. साध्या कागदावर अर्ज, मृत्यूचा दाखला, पेन्सिलने काढलेला चेसिसचा छाप आणि माझे ओळखपत्र घेऊन गेलो. खिडकीवरच्या बाईंनी सगळे नीट पाहिले आणि दुसऱ्या फेरीत माझा मोबाईल जोडून दिला. त्या बाईंविषयी माझी काहीच तक्रार नाही. हा रस्ता आहे हे आधी कुठेही लिहिलेले नव्हते, तक्रार आहे ती त्याची.

या दिरंगाईचा हिशोब मी मांडून ठेवला आहे. नोंदणीची १५ वर्षे ऑक्टोबर २०२४ मध्ये संपत होती. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे माझ्या हातात वेळ होता. ओटीपीत अडकल्यामुळे मार्च उजाडला, आणि उशिराचे दुचाकीला महिन्याला ३०० रुपये प्रमाणे १,५०० रुपये भरावे लागले. नूतनीकरणाचे मूळ शुल्क १,००० आहे. शुल्काहून दंड मोठा झाला, आणि तोही माझ्या आळसाचा नव्हता. याशिवाय पर्यावरण कर २,०००, हस्तांतरणाचे १५० आणि कार्डाचे २००. कर आणि शुल्क देण्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. ते १,५०० रुपये मात्र मला आजही टोचतात, कारण एवढ्यात कापूस वेचणीची चार-पाच माणसांची दिवसभराची मजुरी निघते.

इथपर्यंतचा बराच मजकूर मी मार्चमध्येच लिहून ठेवला होता आणि त्यात ओटीपीला सरळसरळ नालायक म्हटले होते. ते वाक्य आता काढले आहे, त्याचे कारण असे. जूनमध्ये शेजारच्या गावातले एक काका माझ्याकडे कागद घेऊन आले. काही वर्षांपूर्वी त्यांनी बैलबाजारात आपली दुचाकी विकली, कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून दिल्या आणि पैसे घेऊन घरी आले. गाडी पुढे तीन हातांतून गेली, नाव कोणीच चढवले नाही, आणि अपघात झाल्यावर नोटीस काकांना आली. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत कार्यालयाला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचे असते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेच हातोहात विकल्या गेलेल्या एका गाडीच्या प्रकरणात सांगितले की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक समजला जाईल आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येईल. काकांची कागदपत्रे वाचताना मला त्या मराठवाड्याच्या ताई आठवल्या. मालकाच्या मोबाईलवर संदेश गेल्याशिवाय गाडीचे नाव हलू नये, ही अट योग्यच आहे. माझा आक्षेप आता एवढाच आहे की मालक मृत असल्याचे कागद समोर असताना वारसासाठी वेगळी वाट उघडी असावी आणि ती पहिल्याच पानावर दिसावी. त्या ताईंना मी जुलैमध्ये फोन करून काम झाल्याचे सांगितले. त्यांनाही बरे वाटले.

आठ महिन्यांच्या वापराविषयी आता थोडे. गाडी माझ्या नावावर असल्यामुळे नाक्यावर आरसी दाखवताना "वडिलांची आहे, ते वारले" हे सांगावे लागत नाही, आणि हा दिलासा मला वाटला होता त्याहून मोठा आहे. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी बसवणे राज्यात सक्तीचे झाल्यामुळे ५३१ रुपये भरून तीही बसवली. त्याची मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती आणि २०२५ मध्ये ती अनेकदा वाढली. पाटीसाठी जास्तीचे पैसे मात्र कोणाला देऊ नका. पाटी ॲल्युमिनियमची आहे, कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम आहे आणि ती एकदा न उघडणाऱ्या लॉकने बसते. पांदणीने जाताना मागची पाटी पहिल्याच आठवड्यात थरथरू लागली. मिस्त्रीने पाटी आणि मडगार्डच्या मधे जुन्या ट्यूबचा तुकडा सरकवला, तेव्हापासून आवाज नाही. आकडे आता यंत्राने उठवलेले आहेत आणि आठाचे दोन्ही गोल सारखे आहेत. जुनी पाटी आईने घरातच ठेवली आहे.

आरसीवर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव लावण्याची सोय २०२१ पासून आहे. बाबांच्या वेळी आम्हाला ती माहीत असती तर वारसांच्या संमतीची बरीच धावपळ वाचली असती. मी पत्नीचे नाव लावायला दिले आहे. पुढचे नूतनीकरण ऑक्टोबर २०२९ मध्ये आहे, तेव्हा गाडी २० वर्षांची होईल, आणि २० वर्षांवरच्या दुचाकीचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून २,००० झाले आहे. ते मी भरणार आहे. तोपर्यंत आरसीला जोडलेल्या मोबाईलचे रिचार्ज कोणत्याही महिन्यात चुकू द्यायचे नाही, असे घरात ठरले आहे.