दुसऱ्याची जखम सोसणारी नायिका : ‘पॅरेबल ऑफ द सोअर’

विज्ञानकादंबरीच्या मलपृष्ठावर ‘कणखर नायिका’ असे शब्द छापलेले दिसले की हल्ली मनात आधी शंकाच येते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच निघतो की तिला शस्त्र चालवता येते, ती सहसा रडत नाही आणि पुरुष पात्रांना दोन-चार झणझणीत उत्तरे देते. तिच्या जागी एखादा पुरुष उभा केला असता तरी कथानकात काना-मात्रेचा फरक पडला नसता. ऑक्टेव्हिया बटलर यांची १९९३ साली प्रसिद्ध झालेली ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ ही इंग्रजी कादंबरी दुसऱ्यांदा वाचून संपवली, तेव्हा या विशेषणाकडे पाहण्याची माझी दृष्टी पुष्कळशी बदलली होती. त्यामुळे हे परीक्षण कादंबरीचे असले तरी त्यातला मोठा भाग लॉरेन ओलामिना या तिच्या नायिकेने व्यापलेला आहे.

कादंबरी रोजनिशीच्या रूपात लिहिलेली आहे. पहिली नोंद २० जुलै २०२४ ची आहे. त्या दिवशी लॉरेनला पंधरावे वर्ष पूर्ण होते आणि तिच्या वडिलांचा पंचावन्नावा वाढदिवसही त्याच दिवशी असतो. लॉस एंजेलिसपासून वीस मैलांवर असलेल्या रोब्लेडो या काल्पनिक गावात, भोवती भिंत बांधून घेतलेल्या अकरा घरांच्या एका गल्लीत हे कुटुंब राहते. वडील धर्मोपदेशकही आहेत आणि प्राध्यापकही. भिंतीबाहेर बेघर, उपाशी आणि जखमी माणसांची वस्ती पसरली आहे, पाणी पेट्रोलपेक्षा महाग झाले आहे आणि पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला बोलवायचे तर त्याचे पैसे मोजावे लागतात. हे सगळे एकाच कोणत्या महायुद्धाने किंवा स्फोटाने घडलेले नाही; हवामान, बेकारी आणि सरकारी अनास्था यांनी मिळून हळूहळू पोखरलेला तो समाज आहे. बटलर यांनी रंगवलेले ते वर्ष आता मागे पडले असल्यामुळे त्यांचे कोणते भाकीत खरे ठरले याची मोजदाद करण्याचा मोह अनेकांना होतो, पण माझ्या मते या कादंबरीत तो सर्वांत कमी मोलाचा भाग आहे.

मोलाचा भाग आहे तो लॉरेनच्या शरीराचा. तिच्या आईने गरोदरपणी घेतलेल्या एका औषधाच्या व्यसनामुळे लॉरेनला जन्मतःच एक विकार जडला आहे: समोरच्या माणसाला होत असलेली वेदना तिला दिसली की ती स्वतःच्या अंगात जाणवते. यात कोणतीही दिव्य शक्ती नाही, हे बटलर स्पष्ट करतात. हा मेंदूचा भ्रम आहे आणि लॉरेनला ते ठाऊक आहे, तरी दुखायचे ते दुखतेच. लहानपणी तर तिच्या त्वचेतून रक्तही येत असे. तिचा धाकटा भाऊ कीथ लाल शाई अंगाला फासून जखम झाल्याचे सोंग आणतो आणि बहिणीला खरोखर रक्तबंबाळ करून दाखवतो, हा तपशील एका वाक्यात येऊन जातो. पण पुढे कीथचे जे होते ते वाचताना तो सतत आठवत राहतो. सुखाची जाणीवही तिला अशीच वाटून मिळते, मात्र तिच्या जगात सुख फारसे उरलेलेच नाही, आणि हे ती अगदी कोरडेपणाने नोंदवते.

एवढी एक कल्पना मांडून लेखिका थांबली असती तर ती चतुराई ठरली असती. कादंबरीची खरी ताकद अशी की त्या कल्पनेचा हिशेब ती प्रत्येक प्रसंगात चुकता करते. नेमबाजीच्या सरावाला डोंगरात गेलेली लॉरेन एका जखमी कुत्र्याला गोळी घालून त्याची सुटका करते, तेव्हा गोळीचा आघात तिला स्वतःला बसतो आणि त्या प्राण्याचा जीव जातानाची जाणीव तिच्यातून पार होते. या अनुभवातून तिला एक भयंकर व्यावहारिक गोष्ट कळते. आपल्याला लढावे लागलेच तर समोरच्याला जखमी करून भागणार नाही, कारण तो तळमळत राहील तोवर आपणही निकामी होऊ.

पुढे गल्ली उद्ध्वस्त झाल्यावर रस्त्यावरच्या मुक्कामात रात्री हल्ला होतो, तेव्हा हातात आलेला दगड ती एका हल्लेखोराच्या डोक्यात घालते आणि त्याच्याबरोबर स्वतःही कोसळते. शुद्धीवर आल्यावर त्या अर्धमेल्या माणसाला ती सुरीने संपवते. तिच्या सोबतचा हॅरी, ज्याला या विकाराची कल्पना नाही, तिच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तसा पाहू लागतो. हा प्रसंग मी मुद्दाम पुन्हा वाचला. त्यात वीरश्रीचा लवलेश नाही, संगीत वाजावे अशी एकही ओळ नाही. आहे ती ग्लानी, उलटीची भावना आणि मित्राचा विश्वास परत मिळवण्यासाठी आयुष्यभर लपवलेले गुपित उघड करण्याची पाळी. साहसकथांमधल्या नायक-नायिकांच्या हातून माणसे किती सहज मरतात हे या पानांनंतर डोळ्यांत खुपू लागते.

दुसरी गोष्ट लॉरेनच्या पिशवीची. भिंत फार दिवस टिकणार नाही हे पंधराव्या वर्षीच तिच्या लक्षात आलेले असते. मग ती वडिलांच्या संग्रहातली औषधोपचाराची, वनस्पतींची, रानात तगून राहण्याची पुस्तके वाचू लागते आणि जुन्या उशीच्या अभ्र्यांची पिशवी करून तिच्यात कुऱ्हाड, काडेपेट्या, दोन हलकी भांडी, सुई-दोरा, साबण, मीठ, सुकवलेले अन्न आणि पेरणीचे बियाणे भरून ठेवते. जोआनची, म्हणजे तिच्या मैत्रिणीची, प्रतिक्रिया कोणाही सामान्य मुलीची असावी तशीच आहे: ती घाबरते आणि आईला सांगून टाकते. बातमी फिरून लॉरेनच्या वडिलांपर्यंत येते आणि बाप-लेकीत जे संभाषण होते ते या कादंबरीतल्या उत्तम पानांपैकी एक आहे. लॉरेन चुकीचे बोलत नाही हे वडिलांना ठाऊक असते. त्यांचा आक्षेप इतकाच की लोकांना घाबरवून काही साधत नाही, त्यापेक्षा शिकवावे. मुलगी चिडते, पण ऐकते, आणि तेच पुढे तिच्या नेतृत्वाचे तंत्र बनते. विज्ञानकादंबरीत हुशार मुलीचा बाप बहुधा एक तर मूर्ख तरी असतो किंवा सुरुवातीलाच मेलेला तरी. इथे तो सुज्ञ आहे, आणि तरीही एका बाबतीत मुलीपेक्षा कमी पाहू शकतो, हे नाते लिहायला मोठी समज लागते.

२०२७ च्या जुलैत ती भिंत खरोखरच फुटते. घरे पेटतात, कुटुंब नाहीसे होते आणि लॉरेन आणि तिचे शेजारी हॅरी व झारा असे तिघे महामार्गाने उत्तरेकडे चालू लागतात. उंच आणि आडव्या बांध्याची लॉरेन केस कापून पुरुषाच्या वेशात वावरते, म्हणजे बघणाऱ्याला कृष्णवर्णीय जोडपे आणि त्यांचा एक गोरा मित्र असे दिसावे. वेशांतराची ही युक्ती जुनीच आहे. बटलर यांनीही तिच्यावर फार शाई खर्चलेली नाही.

लॉरेनचे वेगळेपण नीट कळावे म्हणून तिच्या आधीच्या आणि नंतरच्या काहीजणींकडे पाहायला हवे. मेरी शेली यांच्या १८१८ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये नायक स्वतःच निर्माण केलेल्या राक्षसासाठी जोडीदारीण घडवायला घेतो आणि अर्ध्यावर तिचे तुकडे करून टाकतो. त्याच्या मनातल्या अनेक भयांपैकी एक असे की तीही विचार करणारा जीव असेल आणि तिच्या निर्मितीपूर्वीच इतरांनी केलेला करार मानायला ती नकार देईल. या साहित्यप्रकाराची सुरुवात जिथून मानतात, त्या पुस्तकातली सर्वांत धोकादायक स्त्री अशा रीतीने जन्मण्याआधीच संपते. आयझॅक असिमोव्ह यांच्या यंत्रमानवांच्या कथांमधल्या डॉ. सुसान कॅल्व्हिन यांना बुद्धी भरपूर मिळाली, पण तिची किंमत म्हणून मायेचा ओलावा काढून घेतला गेला. कार्ल सेगन यांच्या १९८५ च्या ‘कॉन्टॅक्ट’मधली एली अ‍ॅरोवे ही खगोलशास्त्रज्ञ मात्र माझी आवडती आहे, कारण तिच्या कामाचा कंटाळवाणेपणाही लेखक दाखवतो. लिऊ त्सिशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’मधली ये वेन्जिए ही तर साऱ्या मानवजातीविरुद्ध निर्णय घेणारी स्त्री आहे, तिच्या डोळ्यांदेखत वडिलांना मारहाण करून ठार केले गेलेले असते आणि तिचा तो निर्णय वाचताना आपण तिला धड क्षमाही करू शकत नाही, धड दोषही देऊ शकत नाही. या सगळ्यांत लॉरेन वेगळी पडते ती वयामुळे आणि तिच्याजवळ विज्ञानाचे कोणतेही साधन नसल्यामुळे. ना प्रयोगशाळा, ना दुर्बीण. वही, बियाणे आणि लोकांना एकत्र ठेवण्याची हातोटी एवढ्यावर तिचे सगळे भागते.

आता कादंबरीच्या दोषांकडे वळायला हवे, कारण ते लहान नाहीत. लॉरेन ‘अर्थसीड’ नावाचा एक धर्म घडवते, ज्यात परिवर्तन हाच ईश्वर मानला आहे आणि माणसाने शेवटी ताऱ्यांमध्ये रुजावे हे अंतिम ध्येय आहे. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी या धर्मातली वचने येतात. त्यांतली काही घट्ट विणलेली आहेत, पण काही सुविचारांच्या फळ्यावर शोभावीत अशी. सत्तेची आकांक्षा असलेल्या नायिकेवर विश्वास ठेवणे आपल्यालाच सुरुवातीला जड गेले आणि अखेर या वचनांच्या पद्यातून वाट सापडली, असे बटलर यांनी सांगून ठेवले आहे. तो अविश्वास त्यांनी कादंबरीत अधिक उतरवायला हवा होता. वाटेत भेटणारी माणसे थोडी कुरकुर करतात, एखाद-दोन प्रश्न विचारतात आणि मग तिच्यामागून चालू लागतात. लॉरेनला हरवू शकेल असा एकही युक्तिवाद तिच्यासमोर उभा राहत नाही. अठरा वर्षांच्या मुलीने नवा धर्म सांगावा आणि भुकेल्या, पोळलेल्या माणसांपैकी कोणी तिला वेड्यात काढू नये, हे मला शेवटपर्यंत पटले नाही.

बँकोल या सत्तावन्न वर्षांच्या डॉक्टरशी तिचे जुळणारे नातेही असेच अवघडून टाकते. त्या जगात वयाचे गणित बदलले आहे, ती स्वतःच्या मर्जीने निवड करते आणि बँकोलला स्वतःलाही तिचे वय कळल्यावर धक्का बसतो, हे सगळे मान्य. तरी वडील गमावलेल्या मुलीला वडिलांच्याच वयाचा जोडीदार देताना लेखिकेने त्यातली गुंतागुंत पुरेशी उकललेली नाही. उत्तरेकडच्या प्रवासाचा मधला भागही एकसुरी होतो: पाण्याचा शोध, रात्रीचा पहारा, नवा सोबती, पुन्हा हल्ला. रोजनिशीचा कोरडा सूर, जो पहिल्या शंभर पानांत अंगावर येतो, तो इथे नुसता अहवालासारखा वाटू लागतो.

एक सूचना द्यायला हवी. लहान मुलांचे मृत्यू, बलात्कार, जाळपोळ आणि मानवी मांस खाण्याचे प्रसंग या कादंबरीत आहेत, आणि ते वर्णनाने लांबवलेले नसल्यामुळेच अधिक बोचतात. नायिका किशोरवयीन आहे म्हणून हे पुस्तक त्या वयाच्या मुलामुलींच्या हाती सरसकट देऊ नये. आधी स्वतः वाचून मग ठरवावे. भाषा मात्र सोपी आहे. वाक्ये आखूड, शब्द रोजचे. इंग्रजी वाचनाचा थोडाफार सराव असलेल्यालाही अडखळायला होणार नाही.

शेवटी तेरा माणसे बँकोलच्या जमिनीवर पोहोचतात. जिथे त्याच्या बहिणीचे घर असायला हवे होते तिथे राख आणि हाडे सापडतात. तरी ते तिथेच राहायचे ठरवतात, आपापल्या मृतांसाठी ओकची बीजे पुरतात आणि त्या वस्तीला ‘एकॉर्न’ असे त्या फळाचेच नाव देतात. लॉरेनच्या त्या जुन्या पिशवीतल्या बियाण्याची तयारी इथे कामी येते, पण पीक येईल की नाही हे कादंबरी सांगत नाही.

ते जाणून घ्यायचे असेल तर १९९८ मध्ये आलेला ‘पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स’ हा दुसरा भाग वाचावा लागतो, ज्याला सर्वोत्तम कादंबरीचे नेब्युला हे विज्ञानसाहित्याचे पारितोषिक मिळाले. तिसरा भाग बटलर यांच्या हातून पूर्ण झाला नाही; २००६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा तो अपुराच होता. पहिल्या भागातली जी उणीव मला सर्वाधिक खटकली, ती दुसऱ्यात भरून निघते: तिथे लॉरेनच्या नोंदींना जोडून तिच्या मुलीचे निवेदन येते, आणि आईने आपल्यापेक्षा आपल्या धर्मावर अधिक माया केली, असा त्या मुलीचा स्पष्ट आरोप आहे.