शेळ्यांची गोळी पेंड : गाभण आणि दुभत्या शेळीला घ्यावी का?

लातूर, धाराशिव, बीडकडच्या पशुखाद्याच्या दुकानांत गाईच्या पेंडीशेजारी शेळ्यांच्या गोळी पेंडीची पोतीही मिळतात. गाभण आणि दुभत्या शेळीसाठी ती घ्यावी. बाराही महिने सगळ्या कळपाला घालण्याची ती वस्तू नाही.

उस्मानाबादी शेळी जुळी देण्यात पुढे. गाभणकाळ 150 दिवसांचा, पण करडांची बहुतेक वाढ शेवटच्या दीड-दोन महिन्यांत होते. नेमकी तेव्हाच कोटीपोटात, म्हणजे चारा साठणाऱ्या मोठ्या पोटात, जागा कमी पडते. नुसत्या कडब्याने पोट भरतं, ताकद मिळत नाही. मग शेळी अंगची चरबी जाळते, खाणं सोडते, बाजूला उभी राहून दात खाते. असं दिसलं की गूळपाण्यावर वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवावं. थोड्या खाण्यात जास्त पोषण देणं एवढंच गोळी पेंडीचं काम, आणि चांगली पेंड ते नीट करते.

घेताना लेबल वाचा. प्रथिनं 18 ते 20 टक्के असावीत, तंतू 12 च्या आत. युरिया असलेली गाईची पेंड स्वस्त पडते म्हणून उचलू नये. करडं गव्हाणीत तोंड घालतात आणि त्यांना युरिया अजिबात पचत नाही. मूठभर गोळ्या पेल्यातल्या पाण्यात टाकून पाहा. गोळी विरघळल्यावर तळाशी वाळू बसली, तर ते पोतं परत करा.

मोठी उणीव म्हणजे चुरा. पोत्याच्या तळाला भुगा साचतो; शेळी तो हुंगते, फुरफुरते आणि तसाच सोडते. चाळून वेगळा काढावा, किंचित पाणी शिंपडून भुसकटात मिसळून लगेच खायला घालावा. पावसाळ्यात ओल लागलेला, बुरशीचा वास येणारा चुरा गाभण शेळीला चुकूनही देऊ नये, गाभडण्याची भीती असते.

गाभणकाळाच्या शंभराव्या दिवसापासून रोज 100 ग्रॅमने सुरुवात करा, दर चार-पाच दिवसांनी 50 ग्रॅम वाढवा. एक करडू असेल तर 250 ते 300 ग्रॅमवर थांबा, जुळी असतील तर 400 पर्यंत जा, तेही सकाळ-संध्याकाळ विभागून. एकदम वाढवलं तर पोटात आम्ल होतं, शेळी पातळ हगते. सरासरी 300 ग्रॅम धरले तर 50 दिवसांत 15 किलो लागते. 50 किलोच्या पोत्यात तीन शेळ्या सहज निघतात.

व्याल्यावर दोन-तीन दिवस पेंड निम्मी करा. कोमट पाणी आणि हिरवा पाला भरपूर द्या. मग आठ-दहा दिवसांत पुन्हा चढवत अंगासाठी 250 ग्रॅम आणि दुधाच्या लिटरमागे 300 ते 400 ग्रॅम द्या. करडं पितात ते दूधही या हिशोबात धरायचं, इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

सोबत तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, सुबाभूळ, शेवरी हवीच. चारा तुटला तर ही पेंड काही सावरू शकत नाही.

घरी मका असेल तर 100 किलोला मका भरडा 40, शेंगदाणा पेंड 15, सरकी पेंड 10, तूर चुनी 20, गव्हाचा कोंडा 12, क्षार मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो हे मिश्रण गोळीच्या तोडीचं होतं आणि बऱ्याचदा स्वस्तही पडतं. मात्र क्षार मिश्रण वगळलं तर तोड राहत नाही. एक-दोनच शेळ्या असतील तर एवढा खटाटोप परवडत नाही, त्यांनी पोतंच घ्यावं.