‘व्हेन यू रीच मी’ : काही महिने हातोहात फिरलेल्या प्रतीबद्दल

रेबेका स्टेडचं ‘व्हेन यू रीच मी’ २००९ साली आलं आणि २०१० चं न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतल्या बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार, त्याला मिळालं. म्हणजे पुस्तक नवं नाही, त्यावर भरपूर लिहून झालंय. तरी लिहितेय, कारण वाचून लगेच लिहिलेलं मत आणि एकच प्रत काही महिने वेगवेगळ्या वयाच्या हातांतून फिरून आल्यावरचं मत, यांत फार फरक पडला. आमच्या वाचनगटात अकरा-बारापासून सोळापर्यंतची मुलंमुली आहेत आणि त्यांच्या मागोमाग घुसलेले आम्ही काही मोठेही. पेन्सिलनं समासात लिहायला परवानगी होती. प्रत आता परत आलीय, पाठ पूर्ण मोडलीय आणि काही पानांवर छापील मजकुरापेक्षा पेन्सिलच जास्त दिसते.

कथा थोडक्यात सांगते. शेवट फोडणार नाही, निर्धास्त वाचा. १९७८-७९ चं न्यूयॉर्क, अप्पर वेस्ट साइड. बारा वर्षांची मिरांडा, तिला एकटीनं वाढवणारी आई, आणि खालच्याच घरात राहणारा अगदी लहानपणापासूनचा मित्र सल. एके दिवशी शाळेतून घरी येताना एक अनोळखी मुलगा सलला विनाकारण ठोसा मारतो. त्या दिवसापासून सल मिरांडाशी बोलणंच टाकतो. घराची लपवून ठेवलेली किल्ली नाहीशी होते. कोपऱ्यावर एक विक्षिप्त माणूस असतो, टपालपेटीखाली डोकं घालून झोपणारा, अधूनमधून हसत सुटणारा. आणि मग मिरांडाला चिठ्ठ्या यायला लागतात. लिहिणाऱ्याला अजून न घडलेल्या गोष्टी माहीत असतात. तो म्हणतो, मी तुझ्या मित्राचा जीव वाचवायला येतोय. तू मला एक पत्र लिही, आणि त्यात किल्ली कुठे ठेवता ते सांगायला विसरू नकोस.

आता तक्रारी आधी, कारण त्या खऱ्या आहेत.

पहिला एक-तृतीयांश भाग संथ आहे. काळप्रवासाची कादंबरी म्हणून हातात घेतलेली आणि पन्नास-साठ पानं झाली तरी मुलगी शाळेत जातेय, दुपारच्या सुट्टीत सँडविचच्या दुकानात कामाला जातेय, मैत्रिणीवर रुसतेय. आमच्यातल्या एका तेरा वर्षांच्या मुलानं निम्म्यावर पुस्तक परत केलं. समासात त्याचा शेवटचा शेरा : ‘यंत्र कधी येणार?’ त्याला दोष देता येत नाही. १८९५ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानं काळप्रवासाला यंत्र, दांडा आणि बसायची जागा दिली, तेव्हापासून आपण सगळेच दांडा ओढला जायची वाट बघतो. इथे यंत्र येत नाही. प्रवास कसा होतो याचं तांत्रिक वर्णनही जवळजवळ नाही. ज्यांना तेच हवंय त्यांनी दुसरं काहीतरी घ्यावं, हे मी आता सरळ सांगून टाकते.

दुसरी तक्रार काळाची. १९७९ मधल्या मुलांकडे फोन नाही, कोण कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही, शाळा सुटल्यावर मुलं एकटी घरी येतात. आजच्या मुलांना हे कळायला वेळ लागतो. ‘मग तिनं फोन का नाही केला?’ हा प्रश्न तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीन ठिकाणी सापडला. गंमत म्हणजे नंतर याच मुलांना जाणवलं, की फोन असता तर या कथेतली एकही घटना उभी राहिली नसती. किल्लीची जागा चुकीच्या माणसाला कळणं, चिठ्ठी नेमक्या जागी सापडणं, कोपऱ्यावरून रोज त्याच माणसासमोरून जावं लागणं, सगळं त्या फोन नसण्यावर उभं आहे.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी की नाही, ठरत नाही. मिरांडाची आई ‘ट्वेंटी थाउजंड डॉलर पिरॅमिड’ या टीव्हीवरच्या खेळात जायची तयारी करतेय. हा खेळ खराच होता. १९७३ मध्ये दहा हजार डॉलरवर सुरू झाला, १९७६ मध्ये रक्कम वीस हजार झाली, सूत्रसंचालक डिक क्लार्क. शेवटच्या फेरीत जोडीतला एक जण एकेक वस्तूची नावं घेतो आणि दुसऱ्यानं त्या सगळ्या कोणत्या प्रकारात बसतात ते ओळखायचं. हातवारे चालत नाहीत, आणि मिनिटभरात सहा प्रकार उरकायचे. हे माहीत नसेल तर कादंबरीतली कितीतरी पानं फुकट जातात. प्रकरणांची नावंसुद्धा याच धर्तीवर आहेत : डब्यात जपून ठेवायच्या गोष्टी, वास येणाऱ्या गोष्टी वगैरे. पहिल्या खेपेला बहुतेकांनी ही नावं वाचलीच नव्हती, थेट मजकुराकडे उडी.

म्हणून एका बैठकीत आम्ही तो खेळच खेळलो. एक मुलगी सांगत गेली : ‘दार… बरणी… छत्री… तोंड…’ समोरचा म्हणाला, ‘उघडतात त्या गोष्टी!’ पुढची फेरी : ‘शब्द… उसने पैसे… किल्ली…’ आणि ती अडली. समोरच्यानं विचारलं, ‘परत करायच्या गोष्टी?’ ती म्हणाली, ‘नाही, दुसऱ्याच्या हाती देताना भीती वाटते त्या.’ मिनिट संपलं होतं, पण त्यानंतर बराच वेळ बोलणं किल्लीवरच चाललं. आईचा मित्र रिचर्ड त्यांच्याकडे नेहमी येतो, सगळ्यांना आवडतो, तरी आई त्याला घराची किल्ली देत नाही. किल्लीची चोरी आणि किल्ली न देणं या दोन्ही गोष्टी एकाच घरात चालल्यात, हे त्या दिवशी पहिल्यांदा गटाच्या लक्षात आलं. मी एकटीनं वाचताना माझ्याही नजरेतून सुटलं होतं.

आता मुख्य मुद्दा. हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय त्यावर मत देऊ नये.

पहिल्या वाचनात जे संथ वाटतं, ते दुसऱ्या वाचनात धडकी भरवतं. टपालपेटीखाली डोकं घालून झोपणारा माणूस पहिल्यांदा नुसता रस्त्यावरचा वेडा वाटतो, मिरांडासारखेच आपणही त्याच्याकडे न बघता पुढे जातो. दुसऱ्यांदा तो जे जे करतो, बरळतो, ज्या दिशेला लाथ झाडतो, त्यातलं काहीही वाया गेलेलं नाही हे दिसतं. ज्या मुलानं यंत्राची वाट बघून पुस्तक परत केलं होतं, त्याला नंतर कुणीतरी शेवट सांगून टाकला. गटात यावर भांडण झालं. पण तोच मुलगा पुस्तक परत घेऊन गेला आणि शेवट माहीत असताना वाचल्यावर म्हणाला, की आता प्रत्येक पान वाचताना पोटात गोळा येतो. म्हणजे रहस्य फुटल्यावरही पुस्तक उरतं. रहस्यकथांमध्ये हे फार थोड्यांना जमतं.

सर्वांत जास्त वाद रंगला तो कोबीच्या जातभाईवरून, म्हणजे ब्रॉकोलीवरून. मिरांडाचं आवडतं पुस्तक मॅडलीन लेंगलचं ‘अ रिंकल इन टाइम’, जे १९६२ साली आलं आणि ज्याला १९६३ चं न्यूबेरी मिळालं. त्यात मुलांना वचन दिलेलं असतं, की निघाल्याच्या पाच मिनिटं आधीच तुम्ही घरी परत पोचाल. शेवटी ती घरच्या भाजीच्या वाफ्यात, ब्रॉकोलीत येऊन पडतात. तर स्टेडच्या कादंबरीत मार्कस नावाचा मुलगा मिरांडाला शांतपणे विचारतो : ती निघायच्या आधीच परत आली असतील, तर निघताना त्यांनी स्वतःला वाफ्यात पडताना पाहायला हवं होतं ना? मिरांडा भडकते, आणि आमच्या गटातली निम्मी मुलंही भडकली. त्या पानावर समास उरलेलाच नाही. कुणीतरी बाण काढून ‘आधी’ आणि ‘नंतर’ लिहिलंय, दुसऱ्यानं ते खोडून उलटे बाण काढलेत, खाली तिसऱ्यानं लिहिलंय, ‘निघताना मागे वळून बघितलंच नाही त्यांनी, संपला विषय.’

ज्यांना पटलं नाही त्यांच्यासाठी ज्युलियाची अंगठी आहे. ज्युलिया ही मिरांडाला न आवडणारी वर्गमैत्रीण. तिच्या अंगठीत लहान लहान हिरे गोलाकार बसवलेत. ती म्हणते, एकेक हिरा म्हणजे एकेक क्षण. सगळे एकाच वेळी आहेतच, आपण एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो, एवढंच. सोळा वर्षांच्या एका मुलीला हे वाचल्यावर शाळेतली सापेक्षता आठवली. बरोबरच आहे, १९०८ मध्ये मिंकोव्स्की या गणितज्ञानं अवकाश आणि काळ मिळून एकच चतुर्मित पट मांडला, तेव्हापासून भौतिकशास्त्रात ‘सगळे क्षण आहेतच’ असं म्हणायला जागा झाली. पण लेखिका हे काहीच सांगत बसत नाही. अंगठी दाखवते आणि पुढे जाते. मला हा संयम फार आवडला. किशोरांसाठी लिहिताना मध्येच तास घेण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

खरा गुंता पत्राचा आहे, आणि तो सुटलेला नाही. चिठ्ठ्या मागतात म्हणून मिरांडा पत्र लिहिते. चिठ्ठ्या लिहिणाऱ्याला जे माहीत आहे, ते त्याला त्या पत्रातूनच कळलेलं. मग आधी काय? अशा बंद वर्तुळाला विज्ञानकथेत तोटा नाही, आणि इगोर नोविकोव्ह या रशियन भौतिकशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात मांडलेलं तत्त्वही याच्या जवळचं आहे : भूतकाळात जाता आलंच, तरी तिथे तुम्ही जे कराल ते आधीच घडलेल्याशी जुळणारंच असेल, त्याच्या विरुद्ध काही घडूच शकत नाही. भूतकाळात जाऊन आजोबांनाच मारलं तर मारणारा नातू जन्मेल कसा, हा जुना पेच तिथेच निकालात निघतो. पण गटातल्या चौदा वर्षांच्या मुलीला हे उत्तर अजिबात चाललं नाही. ‘म्हणजे त्याला यावंच लागलं? त्यानं ठरवलं नाही?’ तिचा राग भौतिकशास्त्रावर नव्हता. जीव वाचवायला येणाऱ्या माणसानं स्वतःच्या मनानं यावं, एवढंच तिचं म्हणणं. माझं मत विचाराल तर, कादंबरी तिच्या बाजूची आहे. चिठ्ठ्यांमधून थकवा दिसतो, सराव दिसतो, आपण पोचू तेव्हा आपण आपले राहिलेलो नसू ही भीती दिसते. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही, तो इतकी तयारी कशाला करेल?

वयानुसार लोक वेगवेगळ्या जागी अडकले, हे मात्र मी आधी धरलं नव्हतं. बारा-तेराच्या मुलींना काळप्रवासाचं फारसं पडलेलंच नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच : सलनं बोलणं का टाकलं? त्या ठोशाशी त्याचा वाटतो तितका संबंध नाही, हे मिरांडाला फार उशिरा कळतं आणि ते कळणं पुस्तकातल्या कुठल्याही चमत्कारापेक्षा जास्त बोचतं. एका मुलीनं ते प्रकरण वाचून पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं होतं. मोठ्यांचं लक्ष आईवर. वकिलांच्या कचेरीत सेक्रेटरी असलेली, स्वतः वकील व्हायचं राहून गेलेली, रागारागात कचेरीतली पेनं-पेन्सिली घरी आणणारी. हिच्यावर वेगळं पुस्तक हवं होतं, असं आमच्यातल्या दोघी-तिघींनी म्हटलं, आणि मीही त्यांतलीच.

एका ठिकाणी मुलांसोबत मोठं माणूस हवं. सँडविचच्या दुकानाचा मालक ज्युलियाला ‘स्विस मिस’ म्हणतो. ते गरम चॉकलेटच्या पुडीवरचं नाव, आणि ज्युलियाच्या कातडीच्या रंगावरचा टोमणा. मिरांडाला तो कळत नाही, मैत्रीण अ‍ॅनमरीला लगेच कळतो. आमच्या मुलांनाही कळला नाही, ती हसून पुढे गेली. समजावल्यावर मागे जाऊन त्यांनी दुकानातली सगळी पानं परत वाचली, आणि पैशांच्या चोरीचा संशय दुकानदाराला कुणाचा आणि का येतो, ते त्यांना नव्यानं दिसलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण एकट्यानं वाचणाऱ्या मुलाच्या हातून हे नक्की निसटणार.

भाषा सोपी आहे. प्रकरणं दोन-चार पानांची, एकूण पुस्तक दोनशेच्या आसपास पानांचं. इंग्रजी वाचायची थोडी सवय असलेल्या सातवी-आठवीतल्या मुलाला अडचण येऊ नये. शेवटची काही प्रकरणं मात्र घाईत उलगडतात. कोण, कधी, कसं हे सगळं इतक्या भराभर जुळतं, की लहान मुलांना ते दोनदा वाचावं लागलं. थोडी सैल सोडली असती ती पानं, तर बरं झालं असतं.

घ्यायचं असेल तर छापील प्रत घ्या. गटातल्या एकानं ऐकायचं पुस्तक म्हणून घेतलं होतं, त्याला फार त्रास झाला. चिठ्ठी आली की मागची चिठ्ठी काढून तारखा ताडून बघायच्या असतात, आणि कानानं मागे जाणं जिकिरीचं. पडद्यावर वाचणाऱ्यांनी निदान चारही चिठ्ठ्यांवर खुणा करून ठेवाव्यात. आणि मलपृष्ठावरचा मजकूर, परीक्षणं, कुठलीही ‘सविस्तर कथा’ पहिल्या वाचनाआधी उघडू नका. दुसऱ्या वाचनाआधी खुशाल उघडा.